समुद्रावर आलात, आता नदी धरून वर चला: कुशावतीकाठचा जुना गोवा

कुळागर

नोव्हेंबर लागला की आमच्या मडगावच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याची मावसबहीण, ठाण्याचा आतेभाऊ, त्यांच्या सोसायटीतलं कोणीतरी. बुकिंग झालेलं असतं, बाणावली, वार्का नाहीतर मोबोरला, समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये. मग ठरलेला प्रश्न: "ताई, चार दिवस आहोत, काय काय बघू?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांची यादीही तयार असते. एक दिवस जुनं गोवं आणि मंगेशी, एक दिवस कळंगुट-बागा, उरलेले दोन दिवस पूल आणि समुद्र.

त्यात वाईट काहीच नाही. दमून आलेल्या माणसाने वाळूत पाय पसरून बसावं, मलाही ते आवडतं. पण ही मंडळी ज्या सासष्टी तालुक्यात उतरतात तिथून गाडीने तासा-दीड तासावर या भूमीवरच्या माणसाच्या फार जुन्या खुणा आहेत आणि त्या न बघताच ती परत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या वर्षी बहिणीने हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवर रिवणसाठी गाडी मागितली, तर "तिकडे काही नाही मॅडम, नुसत्या खाणी आहेत" असं उत्तर मिळालं. त्याच रात्री हा धागा काढायचं ठरवलं होतं, लिहायला वर्ष गेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गोव्याचा समुद्र ही गोव्याची कड आहे. जुना गोवा, म्हणजे पोर्तुगीजांच्याही आधीचा, नद्यांच्या काठी आहे. गलबतं उघड्या वाळूला लागत नसत, ती मुखातून आत शिरून नदीत नांगर टाकत. राजधान्या, बंदरं, बाजार, देवळं सगळी आत. किनाऱ्यावर रापणकारांच्या, म्हणजे वाळूवरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या खोपी आणि माडांची भाटं (बागा). तेव्हा दक्षिण गोव्यात राहणार असाल तर एक अख्खा दिवस कुशावतीला द्या. ही जुवारीची उपनदी, पात्र लहान, पावसाळा सोडला तर पाणी शांत.

सुरुवात चांदरहून करा. मडगावपासून दहाएक किलोमीटर. आज गाव म्हणजे चर्च, जुने वाडे, चिंचेची झाडं. पण हेच चंद्रपूर, भोज राजांची राजधानी. देवराज नावाच्या भोज राजाचा शिरोड्याला सापडलेला ताम्रपट इथूनच दिलेला आहे, तो साधारण ४थ्या शतकातला मानतात. पुढे गोव्याच्या कदंबांनीही इथून राज्य केलं आणि ११व्या शतकात ते जुवारीच्या काठी गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याला गेले. १९२९ मध्ये इतिहासकार फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा शिवमंदिराचा पाया वर आला. आज तिथे कुंपण घातलेला एक चौकोन आहे, विटांचे आणि चिऱ्यांचे थर, आणि एक नंदी. त्याला डोकं नाही. पाठीवरची घुंगरांची माळ मात्र अजून बोटाने चाचपता येते. माणसं मेनेझिस ब्रागांझांचा वाडा बघून पुढे निघतात (तो बघण्यासारखाच आहे, दिवाणखाना तर नक्की बघा), पण या नंदीपाशी थांबत नाहीत.

याच चांदरात इंत्रुजच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांत मुसळ खेळ होतो. गावचे ख्रिस्ती गांवकार हातात मुसळं घेऊन, जमिनीवर ती आपटत, दारोदार नाचतात आणि जुन्या राजवटीतल्या विजयाची गाणी म्हणतात. धर्म बदलून चारशे वर्षं उलटली तरी मुसळ हातातून सुटलेलं नाही. जमलं तर त्या दिवसांत या.

पुढे पारोडा. डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, भोजांचं दैवत. चंद्रपूर नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. गाडी बरीच वर जाते, मग पायऱ्या. वरून सासष्टीची भातशेती आणि पलीकडे समुद्राची रेघ एका नजरेत दिसते, आणि तुमचं रिसॉर्ट त्या रेघेवर कुठेतरी असतं. मग जांबावलीचा श्रीदामोदर. हा मूळचा मडगावचा. १६व्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा त्याला जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून उचलून इकडे आणलं. मडगावकर अजून त्याला प्रेमाने दामबाब म्हणतात, शिगम्यात त्याचा गुलाल असतो तेव्हा सगळा घाट गुलाबी होतो. देवळामागे पायऱ्या उतरून नदी. पाय बुडवून दहा मिनिटं बसा.

रिवणला जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत, गावात त्यांना पांडवांच्या म्हणतात. दाराशी मारुती कोरलेला आहे, शेजारी झऱ्याचं कुंड. आत वाकून जावं लागतं, टॉर्च लागतोच.

आणि शेवटी पणसायमळ, काहीजण उसगाळीमळ म्हणतात. जुन्या खाणीच्या बाजूने कच्चा रस्ता नदीवर उतरतो. समोर जांभ्याचा मोठा सपाट कातळ, शेजारून कुशावती वळलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे बारा होते आणि मला काहीही दिसलं नाही. तांबूस-काळा दगड, वर वाळलेली पानं, बस. तिथल्या राखणदाराने माझा चेहरा बघितला, काही न बोलता नदीवर गेला, डबाभर पाणी आणलं आणि कातळावर हलकेच सोडलं. पाणी पसरलं आणि खोबणीत उतरलं. आधी एक शिंग आलं. मग वशिंड, मग पाठीची लांबलचक रेघ, मग पुढचे पाय. बैल. माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर तो होता आणि मी त्याच्यावरून चालत गेले असते. मग एकेक दिसत गेले: हरणं, मोर, नाचणारी बाई आणि सात वेटोळ्यांचा चक्रव्यूह. शंभराहून जास्त आकृत्या त्या कातळावर आहेत. १९९३ साली त्या जगाला कळल्या, तोपर्यंत गाळ-मातीखाली झाकलेल्या होत्या, आणि गावातल्या माणसांनीच अभ्यासकांना तिथवर नेलं होतं.

कोणाला आणखी काही माहिती असेल, दुरुस्ती असेल, तर जरूर लिहा. उत्तर गोव्याबद्दल माझा अभ्यास कमी आहे.

पुणेरी_पाऊल

कुळागर ताई, अगदी वेळेवर सापडला धागा! आम्ही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वार्क्याला आहोत. बरोबर मुलं (वय ६ आणि ९) आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या जास्त चढवत नाहीत. हे सगळं एका दिवसात होईल का? जेवणाचं काय? आणि मुलं कंटाळतील का, ही खरी भीती.

कुळागर

@पुणेरी_पाऊल, सगळं एका दिवसात कोंबू नका. सासूबाईंसाठी पारोड्याचा डोंगर आणि रिवणच्या गुंफा वगळा. सकाळी साडेसातला निघा, चांदर, जांबावली, आणि तिथून पणसायमळ. जांबावलीचं देऊळ सपाटीवर आहे, त्यांना तिथे निवांत बसता येईल. पणसायमळला गाडीपासून थोडं चालावं लागतं पण चढ नाही. हात धरायला कोणी असलं की झालं.

जेवण केपे बाजारात. लहान खाणावळी आहेत, हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) आणि तळलेला मासा मिळेल. सासूबाई शिवराक (शाकाहारी) असतील तर आधी विचारा, सोमवारी आणि सणावारी बहुतेक ठिकाणी शिवराकच असतं. मडगावहून निघताना उंडे (गोल पाव) आणि पातळभाजी बांधून घेतलीत तर मुलं रस्ताभर खूष.

कंटाळ्याचं म्हणाल तर माझ्या भाच्यांना मी आधी काही सांगत नाही. फक्त म्हणते, या दगडात बैल लपलाय, शोधा.

रापण_दादा

मी बाणावलीचा. चुलते रापणीवर होते, मी लहानपणी दोर ओढलेला आहे. कुळागर ताईंनी किनाऱ्याला 'कड' म्हटलं ते बरोबर, पण त्या कडेवरही पाहण्यासारखं आहे, ते लिहितो.

सकाळी सहा-साडेसहाला वाळूवर या. नशीब असेल तर रापण दिसेल. होडी जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळ काढून परत किनाऱ्याला येते, मग दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्या ओढतात. सगळे एकदम मागे झुकतात, एकदम पाऊल टाकतात. जाळं जवळ आलं की दोन्ही टोळ्या एकमेकांकडे सरकत येतात आणि तोंड मिटतं. तारले, बांगडे, कधी नुसता कचरा. ज्यांनी हात लावला त्या प्रत्येकाला वाटा. पाहुण्याने दोर धरला तर त्यालाही मूठभर मासे मिळत, ही आमच्याकडची रीत. आता रापणी थोड्या उरल्या. १९७०च्या दशकात ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळचे मासे उपसले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले होते. त्या लढ्यातूनच १९८०चा मासेमारीचा कायदा आला.

आता जिवाचं सांगतो. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच पोहा. नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात उतरूच नका. लाटा कुठेच फुटत नाहीत असा शांत पट्टा दिसला की नवखा माणूस तिथेच शिरतो, आणि नेमकी तिथेच ओढ असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा आणि हात वर करा.

भरती-ओहोटीचा आमचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. अंदाज म्हणून ठीक आहे, खडकांवरून वळसा घालून पुढच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर तक्ता बघूनच जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला काणकोणच्या बाजूला परतीची वाट बंद होते.

कातळवेडा

मी रत्नागिरीचा, आमच्या सड्यांवरची कातळशिल्पं गेली काही वर्षं हिंडून बघतोय. पणसायमळला दोनदा आलो आहे.

दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली, कोकणातल्या कातळशिल्पांचा जो गट २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला, त्यातल्या नऊ ठिकाणांत कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी यांच्याबरोबर पणसायमळही आहे. राज्यांची हद्द आपण नंतर आखली, कातळ एकच आहे. मात्र फरकही आहे. आमच्याकडची चित्रं उघड्या सड्यावर, माळावर, जिथे पाण्याचा टिपूस नसतो. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की जमिनीवरून पूर्ण दिसतच नाही. पणसायमळची चित्रं नदीला खेटून, पावसाळ्यात पुराचं पाणी त्यांच्यावरून जातं. आकारही माणसाच्या मापाचे. मला ती जास्त जवळची वाटली, जणू कोणी नदीवर बसल्या बसल्या कोरली.

दुसरी, काळाबद्दल. अमुक हजार वर्षांपूर्वीची असा एकच ठाम आकडा कोणी सांगितला तर मान डोलवू नका. दगडावरच्या खोबणीचं वय थेट मोजता येत नाही. अभ्यासक शैली, प्राणी आणि आसपास सापडणारी दगडी हत्यारं यांवरून अनुमान करतात. मध्याश्मयुगापासून नवाश्मयुगापर्यंतची मतं आहेत, आणि सगळ्या आकृत्या एकाच काळातल्या असतील असंही नाही.

विनंती: फोटोत उठून दिसावं म्हणून खडू, चुना, रांगोळी काहीही भरू नका. जांभा सच्छिद्र असतो, पूड आत बसते. पाणीही राखणदाराला सोडू द्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे उन्हं तिरपी असताना जा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, सावली खोबणीत पडते आणि पाण्याची गरज उरत नाही.

डिचोलीकर

उत्तरेची बाजू मी मांडतो.

साखळीजवळ हरवळें. तिथेही पांडवांच्या म्हणून सांगतात त्या जांभ्यातल्या गुंफा, आत शिवलिंगं. साधारण ६व्या-७व्या शतकातल्या धरतात. जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. पाऊस ओसरला की म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला या. खांडेपारला नदीकाठी अशाच कोरीव खोल्या आहेत, झाडीत लपलेल्या, फोंड्याला देवळं बघायला जाल तेव्हा अर्धा तास काढा.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर मात्र चुकवू नका. हा कदंबांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी अक्षरं असत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते मोडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं, आणि शके १५९० म्हणजे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवालय बांधवलं. दारावर शिलालेख आहे, 'श्रीशिवराज्ञा' हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतात. मी शाळेच्या सहलीत वाचले होते, परवा मुलीला उचलून दाखवले. २०२३ मध्ये डागडुजी पूर्ण झाल्यापासून देऊळ फार सुंदर दिसतं.

आणि तांबडी सुर्ला. पणजीहून पासष्टएक किलोमीटर, दक्षिणेच्या रिसॉर्टहून जायचं तर दिवस लागेल, पण द्या तो दिवस. गोव्यात सगळीकडे जांभा, आणि हे एवढंच कदंबकालीन देऊळ काळ्या बेसाल्टचं, जंगलात, घाटाच्या पायथ्याशी. दगड घाटावरून आणला असं मानतात. मंडपातला एक खांब बघा, तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. वर छताला दगडी कमळ. गर्भगृहाचं दार पूर्वेला, म्हणून पहाटे पोचलात तर पहिलं ऊन आत जाताना दिसतं. चप्पल काढून त्या दगडावर पाय ठेवा, मे महिन्यातही गार असतो.

एकटा_चालतो

मला हा धागा वाचून आनंदही झाला आणि धाकधूकही. स्पष्ट लिहितो, कोणाला राग येऊ नये.

गेल्या जानेवारीत मी पणसायमळला होतो. एक मोठा ग्रुप आला. चक्रव्यूहाच्या मधोमध बूट घालून एक मुलगा उभा राहिला, बाकीचे वरून फोटो काढत होते. जाताना चिप्सची पाकिटं नदीत. राखणदार बिचारा एकटा. आपण अशा जागांबद्दल सगळ्यांना सांगत सुटतो, मग त्यांचं कळंगुट होतं. काही जागा ज्याला खरंच ओढ आहे त्याने शोधत यावं, अशाच राहाव्यात असं मला वाटतं.

कुळागर

@एकटा_चालतो, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. हा प्रश्न मीही स्वतःला खूप वेळा विचारला आहे.

पण दादा, दुसरी बाजू बघा. त्या कातळाच्या शेजारीच खाण होती. लोखंडाच्या दगडासाठी डोंगरच्या डोंगर उतरवले गेले. त्या खाणीच्या ढिगाऱ्याखाली हा कातळ कायमचा गेला असता तर कोणी ओरडलं असतं का? कोणाला माहीतच नव्हता. माणसं येतात, विचारतात, तक्रार करतात, म्हणून कुंपण येतं, राखणदार येतो, पाटी लागते. न सांगता जपलं गेलेलं मी आमच्या केप्यात फार कमी पाहिलं. न सांगता गेलेलं खूप पाहिलं.

तरी तुमचं ऐकून मूळ लेखात भर घालते: कातळावर चढताना चप्पल-बूट बाहेर. आकृतीवर पाय नाही, बाजूच्या कोऱ्या दगडावरून फिरा. पाच-सहा जणांहून जास्त एकदम नको. नदीत काहीही टाकू नका.

एकटा_चालतो

खाणीचा मुद्दा मानला. तो माझ्या लक्षात नव्हता. अनवाणी जाण्याचं मात्र ठळक लिहा.

तळपण_काठ

काणकोणहून. पाळोळें सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याबद्दल लिहीत नाही.

गालजीबाग आणि आगोंद हे कासवांचे किनारे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. मागे हॉटेलचे दिवे पेटलेले असले की पिल्लं उलटी, रस्त्याकडे जातात. मी स्वतः सुरूच्या झाडांखालून बारा पिल्लं ओंजळीत गोळा करून वनखात्याच्या माणसाकडे दिली आहेत. तेव्हा या किनाऱ्यांवर रात्री टॉर्च, फ्लॅश, शेकोटी, संगीत काहीही नको. घरट्याभोवती जाळी दिसली तर लांबूनच बघा.

प्राचीन म्हणाल तर काब-द-राम. वनवासात रामाने इथे मुक्काम केला अशी श्रद्धा. किल्ला सोंद्याच्या राजाकडून १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. आत एक चर्च अजून नांदतं. पश्चिमेच्या बुरुजावरून खाली सरळ समुद्र, कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. तिथून खोला गावचा किनारा जवळ, गोड्या पाण्याचं तळं आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त वाळूची भिंत. उतार तीव्र आहे, लहान गाडी वरच ठेवा.

कुर्डीची_नात

कुळागर ताईंनी कुशावतीवर लिहिलं म्हणून मलाही त्याच डोंगरांतलं एक गाव सांगावंसं वाटलं. तिथे वर्षातून महिनाभरच जाता येतं.

माझ्या आजीचं गाव कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाच्या पाण्यात ते १९८०च्या दशकात बुडालं. माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली. गावचं महादेवाचं कदंबकालीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून सतराएक किलोमीटरवर धरणाच्या बाजूला नेऊन पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. तुमच्या मार्गात ते सहज बसतं.

मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतं. चिखल वाळून भेगाळलेला, त्यात घरांचे पाये, विहिरीचा कठडा, माडांची खुंटं. आजी प्रत्येक वर्षी आपल्या घराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहायची. उंबऱ्याचा दगड तेवढा राहिला आहे. ती तो ओलांडून आत जायची, पावलं मोजायची, "हें रांदचें कूड" म्हणायची, आणि स्वयंपाकघर जिथे होतं तिथे बसायची. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती लोक कपेलाचं (छोट्या चर्चचं) फेस्त, म्हणजे सण करतात, विखुरलेलं सगळं गाव त्या दिवशी जमतं. बाहेरून कोणी आलं तर आम्हाला आवडतं. फक्त वाळलेल्या दगडांवर गाड्यांच्या शर्यती लावू नका, आमची घरं आहेत ती.

पुणेरी_पाऊल

आलो जाऊन! सविस्तर लिहायचं म्हणून थांबले होते.

चांदरला नंदीपाशी सासूबाई थांबल्या, पर्समधलं फूल काढून ठेवलं. जांबावलीला तासभर बसलो. पणसायमळला पोचायला चार वाजले, कातळवेडा यांचं ऐकल्याचा फायदा झाला, ऊन तिरपं होतं. बूट बाहेर काढले. मुलांना कुळागर ताईंच्या पद्धतीने सांगितलं, बैल लपलाय. धाकट्याला तीन मिनिटांत सापडला, थोरल्याला सापडेना म्हणून तो रडवेला झाला आणि मग त्यालाच चक्रव्यूह दिसला. बोटाने हवेतल्या हवेत वेटोळी मोजत बसला होता, दगडाला हात न लावता. सात भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वार्क्याच्या ओल्या वाळूत काठीने तोच काढायचा त्याचा प्रयत्न चालला होता. आत जायची वाट जुळेना, तीन वेळा पुसला. चौथ्यांदा जमला तेव्हा भरती सुरू झाली होती. फोटो काढला आहे, लॅपटॉपवर घेतला की टाकते.

@कुर्डीची_नात, आम्हाला मेमध्ये परत यायचं आहे. मडगावहून कसं यायचं?

कुर्डीची_नात

या नक्की. मडगाव ते सांगे कदंब (सरकारी) बस मिळते, सांग्याहून पुढे रिक्षा किंवा ओळखीची गाडी. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, शेवटचा रस्ता धुळीचा आहे. उत्सवाचा रविवार ठरला की याच धाग्यावर कळवते. टोपी आणि पाणी भरपूर आणा, तिथे सावलीला एकही झाड उरलेलं नाही.